पांझरेचा उतार आणि सर एम. व्ही.

१५ सप्टेंबरला आपल्याकडे काय होतं ते हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. सेमिनार हॉलमध्ये म्हैसुरी फेटा घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा फोटो येतो, हार पडतो, दोन भाषणं होतात आणि त्यातल्या एकात ती रेल्वेची गोष्ट असतेच. गाडीच्या आवाजावरून पुढचा रूळ तुटलाय हे ओळखून साखळी ओढणारा साधासुधा प्रवासी, आणि नंतर कळतं की हे तर विश्वेश्वरय्या! ही गोष्ट किती खरी ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. मग सरकारी मेणबत्ती आणि स्वतःची मेणबत्ती येते. टाळ्या, चहा-बिस्कीट, संपला अभियंता दिन.

मित्रहो, मला या गोष्टींचा कंटाळा आला आहे असं नाही. पण त्यांत इंजिनिअरिंग कुठे आहे? आणि मुख्य म्हणजे आपला खानदेश कुठे आहे? कारण हा माणूस नोकरीच्या अगदी सुरुवातीला, आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असताना, धुळ्याला होता. त्याच्या पहिल्यावहिल्या कामांपैकी एक पांझरा नदीवर आहे. मी मूळचा साक्री तालुक्यातला, शिकायला जळगावात, त्यामुळे ही नदी मला कळते असा माझा समज आहे. तर या अंकात त्यांचं चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी ते पांझरेपासूनच लिहायचं ठरवलं. त्यात एका कॉम्प्युटर गेमची बरीच मदत झाली. ती कशी, ते पुढे येईलच.

आधी माहिती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म मुद्देनहळ्ळीचा, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातला. वर्ष कुठे १८६० दिलेलं असतं, कुठे १८६१. जन्मशताब्दीचं पोस्टाचं तिकीट मात्र १९६० साली निघालं, म्हणजे स्वतः गृहस्थ हयात असताना! वडील संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती बेताची, आणि वडील लहानपणीच गेले. मुलाने बंगळूरला शिकवण्या घेऊन सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. केलं. पुढे म्हैसूर संस्थानाची स्कॉलरशिप मिळाली आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रवेश झाला. हेच ते आजचं सीओईपी. १८८३ साली एल. सी. ई. ला पहिला नंबर, आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर. कॅम्पस इंटरव्ह्यू वगैरे भानगड नाही, रिझल्टवर थेट नोकरी. सुरुवात नाशिकला आणि लगेचच खानदेश. त्या वेळचा खानदेश जिल्हा म्हणजे आजचे धुळे, जळगाव, नंदुरबार सगळे एकत्र, आणि मुख्य ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले ते १९०६ साली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धुळ्याच्या कुणालाही विचारा, आमचं शहर विश्वेश्वरय्यांनी आखलंय असं तो छातीठोक सांगेल. सरळ रेषेतले रस्ते, काटकोनातल्या गल्ल्या, गल्ल्यांना नावं नाहीत तर चक्क नंबर. एवढं व्यवस्थित म्हणजे कुणा मोठ्या इंजिनिअरचंच काम असणार! पण आखणी त्यांची नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे ठाणं म्हणून निवडलं आणि नवी वसाहत आखून घेतली. विश्वेश्वरय्या आले त्याच्या पासष्ट-एक वर्षं नंतर. मोठ्या माणसाच्या नावावर गावातलं जे जे नीट आहे ते सगळं जमा करायची आपल्याला सवय आहे. त्याने होतं काय, की त्या माणसाने खरोखर केलेलं काम बाजूला पडतं. रस्ते दिसतात. नदीच्या तळाखालून नेलेला नळ कुणाला दिसणार?

आता गेमकडे वळू. सिटीज स्कायलाइन्स हा २०१५ साली आलेला, शहर वसवायचा गेम हॉस्टेलवर बऱ्याच जणांच्या लॅपटॉपमध्ये आहे. रस्ते टाका, वस्त्या पाडा, पाणी-वीज द्या, कचरा उचला. यातली खरी मजा मात्र नकाशाच्या एडिटरमध्ये आहे. तिथे तुम्ही एक राखाडी चित्र दिलं की गेम त्याची जमीन करतो. चित्रातला जेवढा ठिपका पांढरा तेवढी जमीन उंच, जेवढा काळा तेवढी सखल. चित्र १०८१ गुणिले १०८१ ठिपक्यांचं लागतं. दोन ठिपक्यांत १६ मीटर अंतर, म्हणजे चौकटीची एक बाजू १७.२८ किलोमीटर. उंची शून्यापासून १०२४ मीटरपर्यंत.

खऱ्या जमिनीची उंची मिळते फुकट. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. तो डेटा एक अंश बाय एक अंश अशा तुकड्यांत मिळतो आणि तुकड्याचं नाव नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठरतं. धुळ्याचा तुकडा आहे एन२०ई०७४. जळगावची मात्र गंमत आहे. २१ अक्षांशाची रेघ आपल्या शहराला अगदी चिकटून जाते, त्यामुळे जळगावचा नकाशा करायचा तर वरचा आणि खालचा असे दोन तुकडे आधी शिवावे लागतात. दुसरी गोष्ट, या डेटातले ठिपके एकेका सेकंदाच्या अंतरावर आहेत. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर, पण पूर्व-पश्चिम २९ मीटरच्या थोडं आत. तसंच चित्र टाकलं तर गाव आडवं ताणलेलं दिसतं. म्हणून आधी क्यूजीआयएसमध्ये ते मीटरच्या प्रक्षेपात आणायचं (आपला झोन ४३), १७.२८ किलोमीटरची चौकट कापायची, १६ मीटरवर ठिपके पाडायचे आणि १६ बिटच्या चित्रात सेव्ह करायचं.

१६ बिटच का, हे महत्त्वाचं आहे. ८ बिटच्या चित्रात राखाडीच्या २५६ छटा असतात. १०२४ मीटर भागिले २५६ म्हणजे एक पायरी ४ मीटरची. शेतजमीन जिन्यासारखी दिसते. १६ बिटला ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी साधारण दीड सेंटिमीटर. डोंगर गुळगुळीत, नदी नदीसारखी.

जळगावचा नकाशा उघडला तर भाकरीसारखा सपाट निघाला. गिरणेचं पात्र आणि मेहरूणचा खळगा सोडला तर बघण्यासारखं काही नाही. धुळ्याची चौकट थोडी दक्षिणेला सरकवली की लळिंगचा डोंगर येतो, आणि मग चित्राला जान येते. पांझरा पश्चिमेकडून शिरते, शहराला वळसा घालून निघते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते, अर्थात ते चौकटीच्या बाहेर. तिसरा नकाशा मी वरच्या अंगाचा केला, साक्री तालुक्यातल्या दातर्ती गावाभोवतीचा. त्याचं कारण विश्वेश्वरय्या.

दातर्तीला त्यांना काम मिळालं ते पांझरेच्या एका पाटाच्या सायफनचं. सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. पाट म्हणजे कालवा, तो नदीच्या बाजूने अगदी हलक्या उताराने चालतो. मध्ये ओढा किंवा नदीचा फाटा आडवा आला की पाणी पलीकडे न्यायचं कसं? वरून पूल बांधून नेता येतं, नाहीतर नळात घालून तळाखालून. नळ अलीकडच्या काठावरून खाली उतरतो, पात्राखालून जातो आणि पलीकडे वर येतो. पाणीही वर येतं, पंप न लावता, कारण अलीकडचं तोंड पलीकडच्या तोंडापेक्षा थोडं उंच ठेवलेलं असतं. सगळी कला त्या थोड्यामध्ये आहे. फरक कमी पडला तर पाणी पुरेसं पलीकडे जात नाही. नळात वेग कमी झाला तर गाळ सगळ्यात खालच्या भागात बसतो आणि नळ चोंदतो. फरक जास्त ठेवावा तर पलीकडचा पाट तेवढा खाली जातो, आणि त्याच्या वरच्या अंगाची शेतं कोरडी राहतात. वीतभर पातळी गेली की कुणाची तरी जमीन गेली.

काम निघालं ऐन पावसाळ्यात. पांझरेला पाणी आलं की नुसतं पाणी येत नाही, वाळू येते. खणलेला चर पुन्हा भरतो. तरुण असिस्टंट इंजिनिअरने वरिष्ठांना कळवलं की पाऊस ओसरल्यावर काम घेऊ. वरून उत्तर आलं ते शिस्तीची आणि आज्ञापालनाची आठवण करून देणारं. नोकरी नवी, साहेब इंग्रज. त्यांनी काम पुन्हा हातात घेतलं, पुरं केलं, आणि नंतर त्याच वरिष्ठांनी त्यांची तारीफ केली. आपल्याकडे ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंही दिसतं. पावसात काम थांबवावं हे त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं, आणि पुढे काम झालं म्हणून ते चूक ठरत नाही. त्या वाळूत उभे राहून चर उपसणाऱ्या मजुरांची नावं कुठल्याच चरित्रात नाहीत.

तर हा सायफन गेममध्ये करून बघावा असं वाटलं. होत नाही! या गेमात उघड्यावरचं पाणी खरं वागतं. उतार दिला की वाहतं, अडवलं की साचतं, जास्त झालं की वस्तीत शिरतं. पण जमिनीखालच्या नळाला उताराशी देणंघेणंच नाही. डोंगरावर टाका नाहीतर दरीत, पंपाला जोडला की पाणी पोचलं. ज्या एका गोष्टीवर विश्वेश्वरय्यांचं पहिलं काम उभं होतं, तीच गोष्ट गेमवाल्यांनी सोयीसाठी काढून टाकली आहे.

बरं, नळ नाही तर नाही, निदान उघडा पाट तरी खऱ्या जमिनीवर आखू, म्हणून दातर्तीच्या नकाशावर बसलो. इथे खरा धडा आहे. समजा पाटाला ५००० ला १ असा उतार द्यायचा. म्हणजे किलोमीटरला २० सेंटिमीटर. गेमची सबंध चौकट पार करेपर्यंत पाट उतरणार साडेतीन मीटर. आणि अवकाशातून आलेल्या डेटात उंची दिलीय पूर्ण मीटरमध्ये! म्हणजे सगळ्या नकाशात त्या पाटाला तीन-चार पायऱ्या. त्या मोहिमेने अचूकतेची जी हद्द सांगितली होती ती १६ मीटरची. सपाट भागात प्रत्यक्षातली चूक बरीच कमी असते, पण वीतभर नक्कीच नसते. शिवाय रडारला जमीन आणि झाडाचा शेंडा यातला फरक नीट कळत नाही. पांझरेकाठची आमराई त्याला टेकाडासारखी दिसते. आणि मूळ ठिपके तीस मीटरवर असताना आपण १६ मीटरवर मागतो, म्हणजे मधले बरेचसे सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले. तेव्हा १६ बिटची ती दीड सेंटिमीटरची पायरी म्हणजे नुसतं पॉलिश आहे.

लळिंगचा डोंगर, घाट, दऱ्या हे सगळं आकाशातून झकास दिसतं. शेताला पाणी देणारा उतार दिसत नाही. तो १८८४ सालीही जमिनीवर चालत, लेव्हल लावून, स्टाफ धरून, फूट आणि इंचात वाचावा लागत होता, आणि आजही आपल्या सर्व्हे कॅम्पमध्ये तसाच वाचावा लागतो.

विश्वेश्वरय्यांच्याही आधी तो इथल्या लोकांनी वाचलेला होता, हे विसरून चालणार नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी द्यायची फड पद्धत काही शतकं जुनी आहे. गावची बागायत तीन किंवा चार फडांत विभागायची, एका फडात एका वर्षी एकच प्रकारचं पीक, दरवर्षी फड बदलायचा, आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागले. ना लेव्हल, ना ड्रॉइंग. पाणी सोडून बघायचं, जिथे थांबेल तिथे खणायचं. एकोणिसावं शतक संपता संपता पुणे भागात नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी सगळीकडे विस्कळीत न देता ठरलेल्या गटांत द्यायचं, गटात पिकं आलटून-पालटून घ्यायची, म्हणजे पाणी वाया जात नाही आणि जमीन उपळत नाही. फडाशी तिचं साम्य नजरेत भरतं. पांझरेवर काम केलेल्या माणसाने फड पाहिलेच नसतील, हे मला तरी पटत नाही.

खानदेशातून ते पुढे गेले ते भराभर. १८९४-९५ ला सिंधमध्ये सक्कर गावाला पाणी द्यायचं होतं. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि गाळणी टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नाहीत. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि वाळूतून झिरपून आलेलं स्वच्छ पाणी उचललं. वाचल्यावर मला आमच्याकडचे उन्हाळ्यातले झिरे आठवले. नदी आटली की बाया वाळूत हातभर खड्डा करतात आणि वाटीने पाणी भरतात, तेच तत्त्व. मोठ्या इंजिनिअरचं मोठेपण नेहमी नव्या शोधात असतं असं नाही. समोर पडलेली गोष्ट गावाएवढी मोठी करणं हेही इंजिनिअरिंगच.

मग पुणे. खडकवासल्याच्या जुन्या धरणावर, तेव्हाच्या लेक फाइफवर, दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं. धरणाची भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दारं उघडायची, उतरलं की मिटायची. साठा सुमारे आठ फुटांनी वाढला. हे १९०३ च्या सुमाराचं. याचं पेटंट त्यांनी घेतलं, पण खात्याच्या नोकरीत असताना केलेलं काम म्हणून रॉयल्टी घेतली नाही. तशीच दारं पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरवर बसली. मेकॅनिकलवाल्यांनी अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट, कारण सेन्सर नाही, मोटर नाही, सगळं वजन आणि पाणी यांच्या तोलावर. ते खडकवासल्याचं धरण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्या लोंढ्यात फुटलं. दारं बसवणारे इंजिनिअर तेव्हा बंगळूरला शंभरीत होते.

१९०८ च्या सुमारास त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. सर्वांत वरची जागा हिंदी माणसाला मिळणार नाही हे दिसत होतं. ते परदेशात प्रवास करत असतानाच हैदराबादहून बोलावणं आलं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीच्या पुराने हैदराबाद धुऊन काढलं होतं, हजारो माणसं गेली होती. पुराचं दुःख आपल्याला नवं नाही. १८७२ साली पांझरा आणि गिरणा अशाच उसळल्या होत्या आणि एकट्या धुळ्यात शेकडो घरं गेली होती.

माझ्या धुळ्याच्या नकाशात मी हा पूर आणून पाहिला. सोपं आहे. नदी जिथून चौकटीत शिरते तिथे पाण्याचा एक स्रोत ठेवायचा आणि त्याची उंची वाढवत जायची. बघता बघता काठावरच्या गल्ल्या बुडतात. मग उपाय काय? गेममध्ये सुचतो तो एकच, काठाला भिंत बांधा. भिंत बांधली की पाणी पुढच्या वस्तीत. चौकटीच्या आत तुम्ही कितीही डोकं लढवा, पूर येतो चौकटीच्या बाहेरून. पांझरेचा उगम, पिंपळनेरकडचे डोंगर, कान नदीचं पाणी, यांतलं काहीच त्या १७.२८ किलोमीटरमध्ये नाही. तिथे आहे फक्त कडेवरचा एक निळा ठिपका.

विश्वेश्वरय्यांनी हैदराबादला नेमकं हेच ओळखलं. त्यांनी शहराकडे कमी आणि शहराच्या वरच्या पाणलोटाकडे जास्त पाहिलं. कुठे किती पाऊस पडला, कुठल्या ओढ्याने किती पाणी आणलं, किती जुने तलाव फुटले, याचा हिशेब मांडला, आणि पूर शहरात येऊन अडवण्यापेक्षा वरच अडवावा म्हणून मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन जलाशय सुचवले. उस्मानसागर १९२० मध्ये झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. पूरही अडला आणि शहराला पिण्याचं पाणीही मिळालं. त्यांच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत मोठं वाटतं, कृष्णराजसागरपेक्षाही.

कृष्णराजसागरबद्दल पाठ्यपुस्तकात आहेच, त्यामुळे थोडक्यात. १९०९ ला ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९११ ला कावेरीवर धरणाचं काम निघालं. सिमेंट नाही, सुरखीच्या चुन्यातलं दगडी बांधकाम. खालच्या अंगाच्या मद्रासने ८० फुटांपर्यंतच मान्यता दिली, तरी पाया घातला तो पुढच्या पूर्ण उंचीच्या हिशेबाने. दूरदृष्टी म्हणा किंवा हट्ट म्हणा, मद्रासवाल्यांनी अर्थातच दुसरं म्हटलं. कावेरीचं भांडण अजून मिटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र भाषणांत येत नाही. गेममध्ये धरण टाकलं की मागे पाणी चढतं आणि आधी बांधलेली घरं निळ्याखाली जातात. खेळणारा हळहळतो आणि दुसरीकडे वस्ती टाकतो. कावेरीच्या त्या पाण्याखाली जुनं कन्नंबाडी गाव गेलं, गावाचं वेणुगोपाल मंदिर गेलं, आजूबाजूची गावं गेली. कालव्याखालचा मंड्या जिल्हा हिरवा झाला हेही खरं. आपल्या हॉस्टेलवर नवापूर-अक्कलकुवा-धडगावकडची मुलं आहेत. उकाई आणि सरदार सरोवर हे शब्द त्यांच्या घरात कसे उच्चारले जातात ते एकदा त्यांच्याजवळ बसून ऐकावं. उंचीच्या चित्रात गावाचा रंगही राखाडीच असतो.

१९१२ ला ते म्हैसूरचे दिवाण झाले. सहा वर्षांत बँक (१९१३), विद्यापीठ (१९१६), बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज (१९१७), भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची सुरुवात, असा धडाका. १९१८ ला राजीनामा. कारण पचायला जरा अवघड आहे. संस्थानातल्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा द्यायचा विचार महाराजांनी पुढे नेला, त्यासाठी मिलर समिती नेमली गेली, आणि विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हतं. नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी हे त्यांचं मत. आपल्या कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०२ सालीच ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. या बाबतीत मी शाहू महाराजांच्या बाजूचा आहे. पाटाच्या वरच्या टोकाला ज्याचं शेत, त्याला पाणी आधी मिळतं, त्यात त्याची गुणवत्ता नसते. फड पद्धतीत प्रत्येकाला प्रत्येक फडात तुकडा देतात तो याचसाठी. एवढा बारीक उतार वाचणाऱ्या माणसाला हा उतार कसा दिसला नाही, याचं मला नवल वाटतं. अर्थात त्यांना न पटलेल्या गोष्टीसाठी खुर्ची धरून बसले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे.

पुढची चार दशकं समित्या, सल्ले, कारखान्यांच्या योजना. १९३४ ला भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक, १९५१ ला आठवणी, १९५५ ला भारतरत्न. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला निधन, आणि अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीला.

सध्या धुळे, जळगाव आणि दातर्ती असे तिन्ही नकाशे हॉस्टेलच्या शेअर ड्राइव्हवर आहेत, ज्याला हवे त्याने घ्यावेत. दातर्तीच्या नकाशात पाट मी काढलेला नाही, त्याची जागा रिकामी ठेवली आहे. सर्व्हेच्या ग्रुपमधल्या दोघांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याबरोबर साक्रीला यायचं कबूल केलंय. लेव्हल आणि स्टाफ डिपार्टमेंटकडून मिळवायचा आहे, अर्ज दिला आहे. पाटाच्या काठाने पाच किलोमीटर लेव्हल घ्यायच्या, ५० मीटरवर एक, म्हणजे शंभरावर रीडिंग, आणि परत उलटं येऊन क्लोजिंग तपासायचं. आणखी एक माणूस स्टाफ धरायला हवा आहे. जेवण आमच्या घरी, भरीत आणि कळण्याची भाकरी.